ऐकण्याचे काम कोण करतो, कशासाठी करतो?

जून महिन्यात शाळा सुरू होण्याआधी शिक्षकांत कामांची वाटणी होते. परीक्षा विभाग एकाकडे, शालेय पोषण आहार दुसऱ्याकडे, शिष्यवृत्तीचे जादा तास तिसऱ्याकडे. यादीच्या तळाशी एक ओळ असते, 'मार्गदर्शन व समुपदेशन'. या ओळीपुढे बहुधा कानशिलाजवळचे केस पांढरे झालेल्या सरांचे नाव येते, किंवा मधल्या सुट्टीत जिच्याभोवती मुली घुटमळतात अशा एखाद्या बाजीचे. या कामाचा भत्ता मिळत नाही. तासिका कमी होत नाहीत. निकालाच्या दिवशी त्याची टक्केवारी फळ्यावर लागत नाही. तरीही काही माणसे वर्षानुवर्षे आपले नाव तिथे राहू देतात.

का राहू देतात? या महिन्यात आम्ही याच प्रश्नावर वाचकांशी बोलणार आहोत. हा प्रश्न केवळ शिक्षकांचा नाही. तुमच्या घरातले चौदा-पंधरा वर्षांचे लेकरू जे तुमच्यापाशी बोलत नाही, ते एखाद्या वेळी शाळेतल्या या माणसापाशी बोलते. तो माणूस कोणत्या हेतूने, आपल्या घरच्या शब्दात सांगायचे तर कोणत्या नियतने ऐकतो, हे आईवडिलांनी जाणून घ्यायला हवे.

काम नेमके काय असते?

मोठ्या शहरांतल्या काही खासगी शाळांत समुपदेशकाचे स्वतंत्र पद असते. मानसशास्त्र शिकलेली व्यक्ती असते, बसायला खोली असते. आमच्या बहुतेक अनुदानित उर्दू आणि मराठी शाळांत असे पद नाही. बी.एड.ला मार्गदर्शन आणि समुपदेशन थोडेफार शिकलेले असते, एखाद्याने पुढे पदविका केलेली असते, चार-सहा प्रशिक्षणे झालेली असतात. एवढ्या शिदोरीवर काम चालते. जागा म्हणाल तर ग्रंथालयाचा कोपरा, नाहीतर प्रयोगशाळेतले मागचे बाक.

तिथे काय काय येते? मालेगाव, भिवंडीसारख्या गावात रात्री यंत्रमागावर उभा राहिलेला नववीचा मुलगा पहिल्याच तासाला बाकावर डोके टेकतो. वर्गशिक्षकाच्या लेखी तो आळशी असतो. रत्नागिरी-रायगडच्या खाडीकाठच्या गावांत अब्बा आखाती देशात असतात. दर शुक्रवारी फोनवर बोलणे होते, पण मिसरूड फुटलेल्या मुलाला जे विचारायचे असते ते फोनवर विचारता येत नाही. उर्दू माध्यमातून दहावी झालेल्या मुलीला विज्ञान शाखा हवी असते आणि इंग्रजीची धास्ती वाटत असते. एखादी मुलगी भर उन्हाळ्यात बाह्या मनगटापर्यंत ओढून बसते आणि का ते सांगत नाही. एखादीच्या घरी रिश्त्याची बोलणी सुरू झालेली असतात. ती सांगायला येते ते मात्र वेगळेच, "बाजी, माझे अभ्यासात लक्ष लागत नाही."

यातले काहीही एका भेटीत सुटत नाही. बरेचसे शेवटपर्यंत सुटत नाही. म्हणूनच आमचा प्रश्न आणखी अवघड होतो. फळ दिसत नसताना माणूस मेहनत कशासाठी करतो?

चाळिशीत नोकरीचे काय झालेले असते?

आधी व्यवहाराचे बोलू. आज चाळिशी-पन्नाशीत असलेल्या शिक्षकाने बहुधा शिक्षणसेवक म्हणून मानधनावर सुरुवात केली. तीन वर्षांनी तो कायम झाला. बारा वर्षांनी वरिष्ठ वेतनश्रेणी मिळाली. पुढची निवडश्रेणी चोवीस वर्षांनी, तीही वीस टक्के पदांनाच. पर्यवेक्षक किंवा मुख्याध्यापक व्हायचे तर सेवाज्येष्ठतेच्या यादीत वरचे लोक निवृत्त होईपर्यंत थांबायचे. १ नोव्हेंबर २००५ किंवा त्यानंतर लागलेल्यांना जुन्या पेन्शनचा घोर वेगळाच. थोडक्यात, बारा आणि चोवीस वर्षांच्या मध्ये एक लांबलचक सपाट रस्ता आहे. तोच धडा, तोच फळा. पंधराव्यांदा प्रकाशाचे परावर्तन शिकवताना मुलांचे चेहरे नवे असतात, आपले शब्द जुने असतात.

माणसाला कामात कशाने समाधान मिळते यावर फ्रेडरिक हर्झबर्ग या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९५९ साली एक पुस्तक सहकाऱ्यांबरोबर लिहिले. त्यांनी पिट्सबर्ग भागातील सुमारे २०० अभियंते आणि हिशेबनीस यांच्याशी बोलून निष्कर्ष काढला की पगार, नोकरीची हमी, वरिष्ठांची वागणूक या गोष्टी बिघडल्या तर माणूस नाराज होतो, मात्र त्या ठीक असल्या म्हणून काम आवडू लागते असे नाही. आवड येते ती काहीतरी तडीस नेल्याच्या भावनेतून, जबाबदारीतून, कामाच्या स्वरूपातून. या मांडणीवर पुढे टीकाही पुष्कळ झाली. पण आमच्या शिक्षक-खोलीत ती लागू पडताना दिसते. पगार वेळेवर होतो आणि तरीही माणूस कंटाळलेला असतो. त्याच माणसाकडे एखादा मुलगा "सर, पाच मिनिटे आहेत का?" म्हणून येतो तेव्हा तो खुर्चीत सरळ बसतो. त्या मुलाचा प्रश्न पंधरा वर्षांत कुणी तसाच विचारलेला नसतो.

सातवा टप्पा

एरिक एरिक्सन हे नाव बी.एड. झालेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. १९५० साली 'चाइल्डहुड अँड सोसायटी' या पुस्तकात त्यांनी माणसाच्या आयुष्याचे आठ टप्पे मांडले. परीक्षेसाठी आम्ही तो तक्ता पाठ केला होता. किशोरवयाच्या पाचव्या टप्प्याकडे आमचे लक्ष असे, कारण शिकवायचे त्याच वयाच्या मुलांना होते. सातव्या टप्प्याकडे तेविसाव्या वर्षी कोण पाहतो?

हा सातवा टप्पा मध्यमवयाचा. एरिक्सन यांचे म्हणणे असे की या वयात माणसाच्या मनात आपल्यानंतर येणाऱ्यांना वाढवण्याची, त्यांना वाट दाखवण्याची ओढ जागी होते. ही ओढ पोटच्या मुलांपुरती नसते. ती शिकवण्यातून, घडवण्यातून, संस्था उभारण्यातूनही पुरी होते. तिला वाट मिळाली नाही तर माणूस साचतो. तो स्वतःच्याच दुखण्याखुपण्यात आणि मानापमानात अडकतो. साचलेली माणसे आपण सर्वांनी पाहिली आहेत, शाळेत आणि शाळेबाहेरही.

एरिक्सन यांच्या स्वतःच्या आयुष्यातली एक गोष्ट आम्हा शिक्षकांना जवळची वाटते. त्यांच्याकडे विद्यापीठाची पदवी नव्हती. व्हिएन्नातल्या एका छोट्या शाळेत ते मुलांना शिकवत होते. तिथून अ‍ॅना फ्रॉइड यांच्याकडे बालमनोविश्लेषण शिकले आणि पुढे जगभर वाचले गेले. हे पुस्तक आले तेव्हा त्यांची पन्नाशी दोन वर्षांवर होती.

आणखी एक नाव सांगतो. विद्यार्थ्यांना व्यवसाय निवडण्यासाठी शास्त्रशुद्ध मदत करण्याची सुरुवात फ्रँक पार्सन्स यांच्यापासून मानतात. या गृहस्थांनी अभियांत्रिकी शिकली, वकिली केली, शिकवले, पुस्तके लिहिली. जानेवारी १९०८ मध्ये बोस्टन शहरात त्यांनी व्होकेशन ब्युरो सुरू केला तेव्हा ते ५३ वर्षांचे होते. परदेशातून आलेल्या गरीब मजुरांची वस्ती जवळच होती. तिथली तरुण मुले त्यांच्याकडे येत. आधी स्वतःला ओळख, मग कामांची माहिती घे, मग दोन्हींचा मेळ घाल, अशी त्यांची तीन पायऱ्यांची रीत होती. आज दहावीनंतरच्या मार्गदर्शन शिबिरात आम्ही जे सांगतो ते याहून फार वेगळे नाही. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये पार्सन्स वारले. त्यांचे पुस्तक १९०९ साली, त्यांच्या पश्चात प्रसिद्ध झाले. ज्या कामाने त्यांचे नाव राहिले ते त्यांच्या वाट्याला जेमतेम आठ-नऊ महिने आले होते.

आमचे सहकारी काय सांगतात?

पुस्तके बाजूला ठेवून आम्ही आमच्या ओळखीच्या, हे काम करणाऱ्या शिक्षकांना विचारत आलो आहोत की तुम्ही यात का टिकलात. उत्तरे साधी असतात.

काहींचे उत्तर त्यांच्या बालपणात सापडते. एक सर म्हणाले, "दहावीला मला ४८ टक्के मिळाले. घरात आठ दिवस माझ्याशी कुणी बोलले नाही. त्या आठ दिवसांत एखाद्याने नुसते बाजूला बसायला हवे होते." ते दर वर्षी निकालाच्या दुसऱ्या दिवशी कमी गुण मिळालेल्या मुलांच्या घरी जातात. पहिल्या आलेल्यांकडे जायला बाकी सगळी शाळा असते.

काहींची स्वतःची मुले त्या वयाची झालेली असतात. घरात पोरगी दार लावून घेते तेव्हा कळते की वर्गातल्या चाळीस मुलींच्या घरीही अशीच दारे आहेत. तिशीतल्या शिक्षकाला आईवडील चुकीचे वाटतात आणि मूल बरोबर. चाळिशीत त्याला दोन्ही बाजू दिसू लागतात, कारण तो स्वतः दोन्ही बाजूंना उभा असतो.

काहींना ही अमानत वाटते. एका बाजींच्या शब्दांत, "मूल आपल्या मनातली गोष्ट माझ्याकडे ठेवायला देते. दिलेली वस्तू सांभाळायची असते, मला वेळ आहे की नाही हे नंतरचे."

आणि काहींनी खरे कारण न लाजता सांगितले. मोहल्ल्यात मान मिळतो. रस्त्यातून जाताना लोक थांबून सलाम करतात. आम्हाला यात गैर काही वाटत नाही. मान हाही मोबदला आहे, आणि ज्या कामाला दुसरा मोबदला नाही त्याला हा तरी असावा.

काही हेतू मात्र घातक असतात

कोणत्याही हेतूने काम केले तरी चालते असे मात्र नाही. मध्यमवयाच्या काही ओढी मुलांना महागात पडतात.

पहिली ओढ तारणहार होण्याची. स्वतःच्या घरात आता आपली फारशी गरज उरलेली नाही असे वाटणारा माणूस दुसऱ्याच्या मुलाला आपली गरज वाटावी म्हणून झटतो. मूल सावरू लागले की तो मनातून खट्टू होतो. दुसरी ओढ राहून गेलेली स्वप्ने पुरी करण्याची. स्वतः डॉक्टर होता आले नाही म्हणून हुशार दिसणाऱ्या प्रत्येक मुलाला तो नीटच्या रांगेत उभे करतो. तिसरी ओढ बातम्यांची. कुणाच्या घरी काय चालले आहे हे कळण्यात एक गोडी असते आणि लहान गावात ती फार असते. ज्याला ही गोडी लागली त्याने हे काम घेऊ नये आणि मुख्याध्यापकांनी त्याला ते देऊ नये.

कार्ल रॉजर्स यांच्या नावाशिवाय समुपदेशनाचे पुस्तक पुरे होत नाही. ते अमेरिकेत रॉचेस्टर येथे बारा वर्षे अडचणीत सापडलेल्या मुलांसाठी काम करत होते. त्यांनी सांगितलेला एक प्रसंग आम्हाला नेहमी आठवतो. एका खोडकर मुलाची आई त्यांच्याकडे येत असे. मुलाला लहानपणी तिने दूर लोटले हे मूळ कारण असल्याचे त्यांना दिसत होते आणि ते तिला पटवण्याची त्यांची खटपट चालू होती. अनेक भेटी झाल्या, काही साधले नाही. शेवटी दोघांनी थांबायचे ठरवले. ती दारापर्यंत गेली, वळली आणि तिने विचारले की तुम्ही मोठ्या माणसांनाही मदत करता का? मग परत येऊन बसली आणि तिने आपल्या संसाराची सारी कहाणी सांगितली. मुलगा हळूहळू सुधारला. आपले कुठे दुखते हे येणाऱ्या माणसालाच ठाऊक असते, हा धडा रॉजर्स यांनी त्यातून घेतला.

हा धडा वाचून समजतो, पण अंगी यायला वेळ लागतो. नव्या शिक्षकाला दर वाक्याला सल्ला सुचतो. पंधरा-वीस वर्षे नोकरी झाल्यावर, स्वतःचे काही बेत फसल्यावर, माणूस जरा थांबून ऐकायला शिकतो. म्हणून मुख्याध्यापकांचे बोट यादीत खाली सरकत जाऊन चाळिशीवरच्या नावावर थांबते, त्यात काहीतरी शहाणपण आहे असे आम्हाला वाटते.

एक मुलगी, एक मुलगा

आमच्या ओळखीच्या एक बाजी विज्ञान शिकवतात आणि अकरा वर्षांपासून हे काम पाहतात. त्यांच्या शाळेतली एक मुलगी गणितात वर्गात पहिली होती. दहावीनंतर तिला घरी बसवायचे ठरले. बाजी घरी गेल्या. त्यांनी शिक्षणाच्या महत्त्वावर भाषण दिले नाही. तिच्या अब्बांना एवढेच विचारले, "भाई, तुम्हाला नेमकी भीती कशाची वाटते?" बराच वेळ इकडचे तिकडचे झाल्यावर ते म्हणाले, "संध्याकाळची गाडी. कॉलेज सुटते साडेपाचला, गाडी साडेसहाला. तो एक तास पोरगी स्टँडवर उभी राहणार."

म्हणजे विरोध शिकण्याला नव्हता, त्या एका तासाला होता. दुसऱ्या गावात सकाळच्या सत्रातले कनिष्ठ महाविद्यालय होते. शेजारच्या गल्लीतल्या दोन मुली तिथे जात होत्या. बारावीपर्यंतच्या मुलींना एसटीचा पास मोफत मिळतो, हे घरी कुणाला माहीत नव्हते. मुलगी दोन वर्षे शिकली. पुढे काय होईल ते तिचे घर ठरवेल, पण ठरवताना आता तिच्या हातात बारावीचे प्रमाणपत्र आहे.

त्याच वर्षी एक मुलगा नववीतून निघून गेला. घरी कर्ज होते, थोरला भाऊ आजारी होता. बाजी तीनदा घरी गेल्या, संस्थेकडून फी आणि पुस्तकांची सोय करून दिली. पण घराला फी नको होती, रोजचे हातात येणारे पैसे हवे होते. तो आता गॅरेजमध्ये आहे. बाजींना रस्त्यात पाहिले की हात फडक्याला पुसून सलाम करतो. सतरा नंबरचा फॉर्म भरून दहावीला बाहेरून बसता येते हे त्याला त्यांनी दोनदा सांगितले आहे. तिसऱ्यांदाही सांगतील.

आम्ही विचारले, "या दोघांपैकी कुणामुळे तुम्ही टिकलात?" त्या म्हणाल्या, "मुलीमुळे समाधान मिळते. मुलामुळे सोडता येत नाही."

गुपिताचे ओझे

शहरातला समुपदेशक संध्याकाळी आपल्या वस्तीत जातो आणि तिथे त्याला कुणी ओळखत नाही. आमच्याकडे तसे नाही. दुपारी ज्या मुलीने रडत काही सांगितले, तिची अम्मी रात्री निकाहच्या दावतीत आपल्याच ताटाशेजारी बसलेली असते. बिर्याणी वाढता वाढता ती हळूच विचारते, "बाजी, आमची पोरगी तुमच्याकडे येते म्हणे. काय सांगते?" इथे तोंडावर हसू ठेवून काहीही न सांगणे हे फार कष्टाचे काम आहे. एक वाक्य निसटले तर त्या मुलीचा आणि तिच्यामागच्या दहा जणींचा दरवाजा बंद होतो.

गुपित राखण्यालाही मर्यादा आहे आणि ती मुलाला आधीच सांगावी लागते. मूल स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या जिवावर उठेल अशी भीती असेल तर घरच्यांना आणि तज्ज्ञांना सांगावेच लागते. लैंगिक अत्याचाराची गोष्ट असेल तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे पोलिसांना कळवणे प्रत्येकावर बंधनकारक आहे. न कळवणे हा गुन्हा आहे. घराण्याची अब्रू, संस्थेचे नाव, पाहुण्यांचा दबाव, यांतल्या कशालाही त्या कायद्यात जागा नाही. मध्यमवयीन शिक्षकाची खरी कसोटी अशा दिवशी लागते, कारण समोरचा माणूस बहुधा ओळखीचा असतो.

असे ओझे वर्षानुवर्षे वाहिले तर माणूस झिजतो. ख्रिस्तिना मॅसलाक या मानसशास्त्रज्ञाने सेवेच्या व्यवसायातल्या या झिजण्याच्या तीन खुणा सांगितल्या आहेत. मन रिकामे झाल्यासारखे वाटते, समोरचा माणूस केवळ 'एक केस' वाटू लागतो, आणि आपल्या हातून काही होत नाही असे वाटते. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१९ साली आपल्या आजारांच्या वर्गीकरणात 'बर्नआउट'ची नोंद केली, आजार म्हणून नव्हे तर कामाच्या ठिकाणी उद्भवणारी अवस्था म्हणून. दुसरी खूण आम्हाला सर्वांत धोक्याची वाटते. "हल्लीची मुलेच अशी" हे वाक्य तोंडी वारंवार येऊ लागले की समजावे, विश्रांतीची वेळ आली आहे.

नियतीवर नव्हे, सोयीवर बोला

चांगल्या माणसांच्या चांगुलपणावर व्यवस्था चालवायची आणि तिलाच व्यवस्था म्हणायचे, ही आपल्याकडची जुनी सवय आहे. माध्यमिक शाळांत मार्गदर्शनाची सोय असावी असे मुदलियार आयोगाने १९५२-५३ मध्ये आणि कोठारी आयोगाने १९६४-६६ मध्ये सांगितले होते. अमेरिकेतील शालेय समुपदेशकांची संघटना २५० विद्यार्थ्यांमागे एक समुपदेशक असावा असे सुचवते. आपल्याकडे जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका विद्यार्थिनीच्या मृत्यूच्या प्रकरणात निकाल देताना मार्गदर्शक सूचना दिल्या. शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता असावा, आणि लहान संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी कायमचा संबंध ठेवावा, असे त्यात आहे. संस्थाचालकांनी ही सूचना काढून वाचावी.

प्रशिक्षित माणूस येईपर्यंत जो शिक्षक हे काम करतो आहे त्याला चार गोष्टी द्याव्यात. दार असलेली खोली. आठवड्याच्या दोन तासिका कमी. वर्षातून एकदा चांगले प्रशिक्षण. आणि महिन्यातून एकदा अशा जाणत्या माणसाची भेट, जिच्यापाशी मुलाचे नाव न घेता त्याला स्वतःच्या मनावरचे ओझे उतरवता येईल.

वर सांगितलेल्या बाजी यंदा हे काम सोडण्याच्या विचारात होत्या. त्यांचा मुलगा बारावीत आहे, सासूबाई अंथरुणाला खिळून आहेत. त्यांनी मुख्याध्यापकांना स्पष्ट सांगितले की दोन तासिका कमी झाल्या आणि कोपऱ्याला दार लागले तरच नाव ठेवीन. एक तासिका कमी झाली. प्लायवूडची भिंत आणि दार लागले. त्या राहिल्या आहेत. दुसऱ्या तासिकेची मागणीही त्यांनी सोडलेली नाही. आम्हाला हे फार आवडले. सेवा करणाऱ्याने काही मागू नये या समजुतीने आपण पुष्कळ चांगली माणसे लवकर थकवली आहेत.

घराने काय करावे?

वाचक बंधू-भगिनींनो, आता तुमच्या वाट्याचे.

शाळेतून समुपदेशनासाठी बोलावणे आले तर ती तक्रार समजू नका. शक्य असेल तर आई आणि वडील दोघेही जा. अब्बा परदेशात असतील तर फोन लावून त्यांनाही बोलण्यात घ्या, मात्र मुलासमोर त्याचा पाढा वाचण्यासाठी नको. मूल बाहेर येताच "काय विचारले, काय सांगितलेस?" असे विचारू नका. चहा करा, खायला द्या. सांगायचे असेल तर ते सांगेल. दावतीत, बाजारात, मशिदीच्या दारात शिक्षकाला मुलाविषयी विचारू नका, वेळ घेऊन शाळेत जा. शिक्षकाने मानसोपचारतज्ज्ञाकडे जायला सुचवले तर लोक काय म्हणतील हा विचार बाजूला ठेवा. डोळ्यांना चष्मा लागला तर आपण डॉक्टरकडे जातोच ना? रात्री-अपरात्री मदत लागली तर शासनाची टेली-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे, तिथे मराठीत बोलता येते. मुलांसाठी १०९८ आहे. हे दोन्ही क्रमांक फ्रिजवर किंवा कपाटाच्या दारावर लिहून लावा, मुलाला मागावे लागू नयेत अशा जागी.

या महिन्यात एवढे कराच. आपल्या मुलाच्या शाळेत हे काम कुणाकडे आहे ते विचारा. कुणाकडेच नसेल तर पालकसभेत विषय काढा. कुणाकडे असेल तर त्यांना बसायला जागा आहे का आणि वेळ मिळतो का, एवढी चौकशी करा. तुमच्या मुलाने तुम्हाला न सांगितलेली एखादी गोष्ट कदाचित त्यांनी सांभाळून ठेवली असेल. ती विचारू नका, नुसती त्यांची खुशाली विचारून या.